आक्कांच्या जागेवर

आजारी होते तेव्हा माझा हात चालत होता. औषध सुरू झालं आणि हात मंदावला. हे असं उलटं का झालं ते मला बरेच दिवस कळलं नाही, आणि कळल्यावरही ज्यांना माझ्यामुळे त्रास झाला त्यांच्याकडे मान वर करून बघता आलं नाही. अजूनही फारसं येत नाही.

मी भाकरी करते. सोलापूरची कडक भाकरी, पापडासारखी कुडकुडीत, प्रवासात नेली तरी दिवसेंदिवस टिकणारी. नवी पेठेत आमच्या मालकीणबाईंचं, ताईंचं, लहानसं दुकान आहे. भाकरी विकली जाते तिथे, आणि होते ती जुळे सोलापूरच्या पार टोकाला एका पत्र्याच्या शेडमध्ये. मी मूळची इथली नाही. माहेर भंडाऱ्याकडचं, धानाच्या बांध्यांमधलं. सातवीनंतर शाळा सुटली. लग्न झालं, नवऱ्याला इथल्या टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगचं काम लागलं, आणि आम्ही एवढ्या लांब आलो. तोवर ज्वारीचं पीठ मी कधी नीट मळलं नव्हतं. आमच्याकडे दोन्ही वेळा भात. शेडमधल्या पहिल्या दिवशी माझी भाकरी काठवटीतून उचलतानाच फाटली आणि थापणाऱ्या बायकांची अख्खी रांग हसली.

"भात खाऊन हाताला हाडं ऱ्हात न्हाईत बघा," असं ज्या बाई मोठ्यानं म्हणाल्या, त्याच उठून माझ्या शेजारी येऊन बसल्या. त्या आक्का. सांगोल्याकडच्या, वयानं माझ्या आईपेक्षा मोठ्या. त्यांनी माझा पंजा धरून पिठावर ठेवला आणि म्हणाल्या, "दाबू नगंस. सरकव. भाकरी आपसूक फिरती." त्या दिवसापासून रांगेत माझं नाव भातवाली पडलं. आणि आज माझ्या घरात जे काही शिजतं ते त्या एका पंजाच्या जोरावर शिजतं.

आमच्या शेडची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही रांगेत बसतो आणि दोघींत एक चूल असते. एकीची भाकरी तव्यावर पडते तेव्हा शेजारणीची तव्यावरून उतरलेली असावी लागते. त्यामुळे दोघींचा हात जुळवावा लागतो, आणि दोघी-दोघी करत सगळी रांगच एका चालीनं थापते. बाहेरून ऐकलं तर वाटावं, एकच कुणीतरी पुष्कळ हातांची बाई बसली आहे. भाकरी सगळ्यांची एकाच टोपल्यात जाते. कुणाची किती, हे बघायचं नाही, ही आक्कांनीच पाडलेली रीत. टोपल्यातल्या भाकरींचे जे पैसे मिळतील ते सारखे वाटून घ्यायचे.

आणि कोपऱ्यात, दाराजवळ, शेकायची जागा. तव्यावरून उतरलेली भाकरी तिथे मंद निखाऱ्यावरच्या मोठ्या तव्यावर टाकायची आणि फडक्यानं दाबत, फिरवत कडक करायची. तिथे पाय लांब करून बसता येतं, घाईही नसते. म्हणून ती जागा पोटुशी बाईला, बाळंतिणीला, नाहीतर म्हातारीला. गुडघे गेल्यावर आक्का तिथे गेल्या. चाळीस वर्षं रांगेत बसून मग मिळालेली जागा, असं त्या अभिमानानं सांगायच्या. माझी लेक झाली आणि मी तिला घेऊन कामावर यायला लागले, तेव्हा मी रांगेतच बसले, पण तिची झोळी आम्ही त्या दाराजवळ बांधली, वाऱ्याला. आक्का झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला अडकवायच्या. हात भाकरीवर, पाय झोळीला.

बाळंतपणानंतर मला दम लागायला लागला होता. रात्री आडवं पडलं की गुदमरायचं, भिंतीला टेकून झोपायचे. पावलं सुजायची. पहिलं मूल, कुणी जवळ नाही, मला वाटलं सगळ्यांचं असंच असतं. छातीत मात्र सतत धडधड. आणि त्या धडधडीत हात कसा चालायचा म्हणून सांगू. मी रांगेच्या पुढे पळायचे. आक्का कोपऱ्यातून म्हणायच्या, "बघा गं, भातवालीचा हात बघा. आन तुमी ज्वारी खाऊन झोपा काढा." मला इतकं बरं वाटायचं. परक्या गावात कुणीतरी आपलं कौतुक करतंय, म्हणून मी आणखी पळायचे.

एक दिवस खोलीचा जिना चढताना मधल्या पायरीवर बसले ते उठता येईना. नवऱ्यानं रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे छातीवर थंडगार चिकट काहीतरी लावून पडद्यावर हृदय बघितलं. डॉक्टर मॅडम तरुण होत्या. म्हणाल्या, बाळंतपणात कधीकधी होतं असं, हृदयाचा स्नायू कमजोर झालाय, रक्त पुढे ढकलायला कमी पडतोय. पाणी उतरायची गोळी दिली, आणखी एकदोन दिल्या, आणि एक बारीकशी गोळी दिली, सकाळ-संध्याकाळ. तिच्याबद्दल त्या बराच वेळ समजावून सांगत होत्या. मी मान हलवत होते.

"समजलं ना?"

"हो मॅडम."

काही समजलं नव्हतं. शाळेतही मी असंच करायचे. शिकवलेलं कळलं नाही की जास्त जोरात मान हलवायची, म्हणजे गुरुजी पुढे जायचे.

सूज उतरली, रात्री आडवं होऊन झोप लागायला लागली. पण त्या बारीक गोळीनं माझ्यातली धडधड काढून घेतली आणि धडधडीबरोबर हातही नेला. सकाळी पीठ मळायला बसले की बोटं गार. जोर लावायला जावं तर आतून काही उठायचंच नाही, जसं कुणी वरून झाकण ठेवलंय. माझी भाकरी थापून होईपर्यंत तवा रिकामाच तापत राहायचा आणि मागून पडणारी शेजारणीची करपायला लागायची.

पहिले काही दिवस सगळ्या हसल्या. "भातवाली, झोप झाली न्हाय व्हय?" "नवरा लई जागवतोय वाटतं." मी पण हसायचे. दवाखान्याचं मी शेडमध्ये कुणाला धड सांगितलं नव्हतं, अशक्तपणा आहे एवढंच. खाण्याच्या वस्तूचं काम. बाई आजारी आहे हे गिऱ्हाइकाच्या कानावर गेलं तर ताई मला ठेवतील का, ही भीती. गोळीचं पाकीट मी लेकीच्या दुपट्यात गुंडाळून ठेवायचे.

मग हसणं बंद झालं. ते बंद झालेलं मला हसण्यापेक्षा जास्त लागलं. आणि काही दिवसांनी एकाएकी माझा हात रांगेशी जुळायला लागला. शेजारणीची भाकरी करपेना. मला वाटलं, आले मी परत जागेवर. त्या आनंदात मी घरी जाऊन आईला फोनसुद्धा केला.

"काहून वं, आज आवाज कसा मोकळा येऊन राहिला तुझा?" आई म्हणाली.

"काही नाही माय, काम मस्त चालू आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई शेडमध्ये आल्या. टोपलं बघितलं, रांग बघितली, थोडा वेळ उभ्या राहून ऐकलं. म्हणाल्या, "काय गं, सगळ्यांनाच आज पेंग आलीय का? टोपलं अर्धं पण नाही. आणि गड्ड्याच्या जत्रेची ऑर्डर तोंडावर आलीय."

 सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि थापत राहिल्या, हळू, माझ्या चालीनं. तेव्हा मला कळलं. मी रांगेला गाठलं नव्हतं. रांग माझ्यासाठी थांबली होती. कुणी ठरवून बोललंही नसेल. एकीनं हात आवरला असेल, मग दुसरीनं. आणि टोपलं सगळ्यांचं, म्हणजे माझ्या संथपणाचा वाटा प्रत्येकीच्या घरात जात होता.

माझ्या डोळ्यांतलं पाणी पिठात पडू नये म्हणून मी पदर तोंडाशी धरला. धुराचं निमित्त होतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसायला गेले तर माझ्या काठवटीपुढे आक्का बसलेल्या. एक पाय मुडपलेला, दुसरा कसाबसा बाजूला काढलेला. पीठ मळायला सुरुवातसुद्धा केली होती.

"आक्का, ही माझी जागा."

"वाचायला येतंय की तुला. कुटं नाव लिवलंय का?"

"तुमचे गुडघे..."

"माजं गुडघं माज्यापाशी हाईत. तू तिकडं जा. पोरगी रडतीया, झोळी हलव."

मी गेले. काय करणार होते? आक्कांच्या पाटावर बसले, पाय लांब केले, दोरी अंगठ्याला अडकवली. तिशीही न गाठलेली बाई म्हातारीच्या जागेवर, आणि म्हातारी माझ्या. दर थोड्या वेळानं आक्का पाय बदलायच्या आणि तोंडातून एक बारीक आवाज निघायचा. तो ऐकू येऊ नये म्हणून त्या मुद्दाम बडबड करायच्या. पाणी आणायला उठताना शेजारणीच्या खांद्यावर हात टेकायच्या. भाकरी मात्र त्यांची अजूनही सगळ्यांत पातळ.

तिथे बसून बसून माझ्या डोक्यात एकच यायला लागलं. ही गोळी. गोळीच्या आधी मी पळत होते. जत्रेपुरती ती बंद केली तर माझा हात परत येईल, आक्का आपल्या पाटावर जातील, टोपलं भरेल. मग पुन्हा सुरू करू. एक-दोनदा पाकीट हातात घेऊन बसले. पण मी मुळातच भित्री. मनानं काही करायची हिंमत नाही. पुढची तारीख आली तेव्हा ठरवलं, मॅडमनाच विचारू.

नवऱ्याची ड्यूटी होती. आक्का म्हणाल्या, "मी येती." मी नको नको म्हटलं. त्या आधीच चपला घालून उभ्या. मग वाटेत रिक्षात मला सगळं सांगावंच लागलं, हृदयाचं, गोळीचं.  "आन आमी म्हणतोय, नवरा जागवतोय," आक्का एवढंच म्हणाल्या.

दवाखान्यात पुन्हा पडद्यावर हृदय बघून झालं. मी उठून पदर सावरत होते तेवढ्यात आक्कांनी सुरू केलं.

"बाई, एक इचारू का? रागावू नगा."

"विचारा की आजी."

"ही पोरगी गोळीच्या आदी लई चलाख हुती. तुमी गोळी दिली आन म्हशीवानी झाली. दुसरी बदलून द्या की."

मॅडम हसल्या. मला जमिनीत जावंसं वाटलं. पण त्यांनी पेन खाली ठेवलं.

"आजी, ती चलाख नव्हती. तिचं हृदय घाबरलेलं होतं. हृदय कमजोर झालं की शरीराला वाटतं रक्त कमी पडतंय. मग ते एक रस सोडतं. आपण भ्यालो, पळालो की अंगात सुटतो ना, तोच. हृदयाच्या पेशींवर त्याच्यासाठी ठरलेल्या जागा असतात. तो तिथे येऊन बसला की हृदयाला हुकूम होतो, पळ. तुमच्या-माझ्यात तो येतो आणि जातो. हिच्यात दिवसरात्र हुकूम चालू होता. पळायला इंधन लागतं. आधीच दुबळं हृदय, त्यात मिळतं त्याहून जास्त जाळत होतं. मग स्वतःच्या डागडुजीला काय उरणार?"

"आन गोळी काय करती?"

"गोळी त्या जागेवर आधी जाऊन बसते. रस येतो, पण त्याला बसायला जागा नाही. हृदय हळू चालतं, कमी जाळतं. शिवाय घाबरलेलं हृदय चरबी जास्त जाळतं, आणि त्याला प्राणवायू फार लागतो. शांत झालं की ते साखरेकडे वळतं. मग तेवढ्याच प्राणवायूत जास्त काम होतं."

आक्का विचार करत होत्या. "म्हंजी हिच्या चुलीत चिपाडं हुती. जाळ लई, भाकरी करपती, आन मागं इंगळ न्हाय. तुमी आता बाभळीचं लाकूड घातलंय."

"तसं म्हणा. पण आजी, लाकूड घातलं की चूल लगेच पेटते. इथे तसं नाही. इथे पहिले काही आठवडे उलट जास्त थकवा येतो, हातपाय गार पडतात, चक्कर येते. फायदा महिन्यांनी दिसतो. म्हणून लोक मधेच सोडतात."

हे सगळं मला पहिल्याच दिवशी सांगितलेलं असणार. त्यावर मी मान हलवली होती. आक्कांनी विचारलं म्हणून मला दुसऱ्यांदा ऐकायला मिळालं.

मॅडमनी पडद्यावरच्या चित्राचा कागद माझ्यासमोर धरला. मागच्यापेक्षा हृदय थोडं जास्त रक्त ढकलतंय म्हणाल्या. थोडंच, पण दिशा बरोबर आहे. "म्हणून आज गोळी वाढवते. पहिले काही दिवस पुन्हा थकवा येईल."

तेव्हा माझ्या तोंडून ते गेलंच. "मॅडम, जत्रेची ऑर्डर आहे. तेवढे दिवस गोळी बंद केली तर चालेल का?"

त्यांचा चेहरा बदलला. "अजिबात नाही. एकदम बंद केलीस तर इतके दिवस अडवलेला हुकूम एकदम आत येईल, आणि पूर्वीपेक्षा जोरात. कमजोर हृदयाला ते झेपत नाही. घरी लहान मूल आहे ना?"

मी मान हलवली. या वेळी समजून. शेजारी आक्का बसल्या होत्या, आणि मी कशासाठी विचारलं हे त्यांना कळलं होतं. त्यांच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही.

बाहेर रिक्षाची वाट बघत उभ्या राहिलो. आक्का कठड्याला टेकल्या, गुडघा चोळत.

"जत्रंची ऑर्डर तुज्या बापाची हाय व्हय?"

मी रस्त्याकडे बघू लागले.

"बोल की. डाक्टरणीफुडं तर लई त्वांड चाललं."

"आक्का, मी काम सोडते. दुसरी बाई घ्या रांगेत. तुम्ही तुमच्या जागेवर बसा. मला तुमचा तो पाय बघवत नाही. तुम्ही मला शिकवलंत, लेकीला सांभाळलंत, आणि मी तुम्हाला उतारवयात चुलीपुढं बसवलं. मला लाज वाटते."

आक्कांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "झालं? आता ऐक. तू गेलीस की ताई नवी बाई आणणार. ती काय माज्या वशिल्यानं येणार न्हाय, तिचा हात चालंल न्हाय चालंल, तवर मलाच थापाय लागंल. माजी जागा मला कवा मिळायची मग? त्यापरीस तू गोळी खा, बरी हो, आन मला तितनं उठीव. मी वाट बघतीया. गोळी चुकवलीस तर माजं गुडघं तुज्या नावानं वरडत्याल, ध्यानात ठेव."

"महिने लागतील म्हणाल्या त्या."

"लागू देत की. चाळीस वर्सं थापली, अजून चार म्हैनं थापीन." रिक्षा आली तशी त्यांनी माझा खांदा धरला आणि चढल्या. मग आत बसून बराच वेळ त्यांनी तो हात माझ्या खांद्यावर तसाच ठेवला. जड होता.

त्यानंतर सकाळी शेडमध्ये पोचल्यावर पहिलं काम ते. आक्का चुलीपुढून ओरडतात, "भातवाली, खाल्ली का?" मी दुपट्यातून पाकीट काढते आणि सगळ्यांच्या देखत, भाकरीच्या तुकड्याबरोबर गोळी घेते. आता लपवायला काही राहिलं नाही. ताईंनाही आक्कांनीच सांगितलं. ताईंनी दुकानातून एक उंच पाट पाठवून दिला. तो आक्का वापरत नाहीत. म्हणतात, उंचावरून भाकरी थापता येत न्हाय.

वाढवलेल्या गोळीनं पुन्हा बोटं गार पडली. जत्रेची ऑर्डर निघाली, पण कशीबशी, आणि निघाली ती माझ्याशिवाय. मी कोपऱ्यात फडक्यानं भाकरी दाबत होते. मध्ये एकदा गोळी आणखी वाढली. मग एक दिवस लक्षात आलं की खोलीचा जिना मी लेकीला काखेत घेऊन न थांबता चढले. नवऱ्याला सांगितलं. त्यानं मला पुन्हा खाली जाऊन चढून दाखवायला लावलं आणि हसला. मीही हसले, आणि लगेच मनात आलं, आक्का अजून तिथेच आहेत.

मॅडम म्हणतात, हृदय सुधारतंय, पण रांगेत बसायची घाई नको. पुढच्या तपासणीनंतर बघू. हे मी आक्कांना सांगते तेव्हा त्या "बरं बरं" म्हणतात आणि पाय बदलतात.

काल दुपारी लेक झोपली होती. मी दोरी अंगठ्याला अडकवून शेकत बसले होते. रांगेचा आवाज ऐकता ऐकता काहीतरी वेगळं वाटलं. आक्कांचा हात इतरांच्या किंचित मागे पडत होता. मी फडकं धरून थांबले. आणि मग ऐकलं, एकेक करून सगळ्यांचे हात आवरत गेले, आणि थोड्या वेळानं रांग पुन्हा एका चालीनं थापायला लागली. आक्कांच्या चालीनं.

आक्कांना कळलं की नाही, ठाऊक नाही. त्यांनी मान वर केली नाही. मी भाकरी उलटली आणि दाबायला लागले.